कर आधी, हमी नंतर : वि. स. पागे यांचा कायदा

विधिमंडळातील ज्या दिवसांची आठवण लोक ठेवतात ते बहुधा गदारोळाचे दिवस असतात. राजदंड पळविला गेला, सभात्याग झाला, अविश्वासाच्या ठरावावर एकेक मत मोजले गेले, की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर त्याला जागा मिळते आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या आख्यायिका सांगितल्या जातात. ज्या दिवशी सर्व पक्षांच्या सदस्यांनी एका विधेयकाला होकार दिला आणि मते मोजण्याची वेळच आली नाही, असा दिवस मात्र विस्मरणात जातो. १९७७ साली महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचे विधेयक एकमताने संमत केले. ग्रामीण भागातील जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देणे शासनावर बंधनकारक करणारा कायदा त्यापूर्वी भारतातील कोणत्याही राज्याने केलेला नव्हता. ज्यांनी ही कल्पना मांडली आणि बारा वर्षे तिचा पाठपुरावा केला ते विठ्ठल सखाराम पागे त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते. आणि मते समसमान पडल्याखेरीज सभापतींना मतदानाचा अधिकार नसतो. आयुष्यातील सर्वांत मोठ्या कार्यावर सभागृहाचा कौल घेतला जात असता पागे यांच्या स्वतःच्या मताची त्यात गणना होणार नव्हती.

या स्तंभाच्या वाचकांत शिक्षक व कारकून पुष्कळ आहेत. त्यांच्या वेतनपत्रकात कपातीच्या रकान्यात व्यवसाय कर या नावाची एक छोटी रक्कम असते. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, अशी वर्षाची २५०० रुपयांची कमाल मर्यादा गाठणारी. प्राप्तिकराविषयी आपण तावातावाने बोलतो, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब तोंडपाठ ठेवतो. या रकमेकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ही कपात १ एप्रिल १९७५ पासून सुरू झाली आणि तिचे कारण रोजगार हमी योजना हे होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी हा प्रश्न विचारतो आणि दरवर्षी बहुतेकांना त्याचे उत्तर ठाऊक नसते. यात दोष त्यांचा नाही, कारण क्रमिक पुस्तकांत कर एका प्रकरणात असतो आणि रोजगार दुसऱ्या.

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील बागणी येथे झाला. वकिलीचे शिक्षण, स्वातंत्र्यचळवळीतील सहभाग, तुरुंगवास, मग काँग्रेसमधील काम असा त्या पिढीतील अनेकांचा जो जीवनक्रम तोच त्यांचाही होता. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९६० मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि एप्रिल १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, त्या आसनावर राहिले. हे पद मानाचे खरे. परंतु राजकारणात ज्याला काही करून दाखवायचे आहे त्याला ते गैरसोयीचेच. सभापतीला खाते नसते, अंदाजपत्रक नसते, सभागृहात भाषण करण्याची सोय नसते. पक्षाच्या धोरणाविषयी त्याने मौन पाळावे अशी अपेक्षा असते. पुष्कळांच्या बाबतीत अशी पदे समारंभ, उद्घाटने आणि शिष्टमंडळे यांत विरून जातात. पागे यांनी आसनाची मर्यादा पाळली आणि सभागृहाबाहेरचा वेळ एका प्रश्नाला दिला : शेतात काम नसते त्या महिन्यांत भूमिहीन मजुराने काय करावे?

हा प्रश्न त्यांना कागदावर सापडलेला नव्हता. तासगाव तालुका हा अवर्षणप्रवण मुलूख. तेथील कोरडवाहू शेतीत पेरणी, खुरपणी आणि काढणी या दिवसांत मजूर मिळत नाही, आणि ते दिवस सरले की मजुराला काम मिळत नाही. शेतकऱ्याच्या बांधाला डागडुजी हवी असते, ओढ्यावर बांध घालायचा राहिलेला असतो, गावचा रस्ता पावसाळ्यात वाहून गेलेला असतो. आणि त्याच गावात दहापाच बिनकामाची माणसे पाराशी बसलेली असतात. काम आहे, माणूस आहे; दोहोंना जोडणारी मजुरी तेवढी नाही. विकास योजनांतून त्या काळी पैसा येत होता, पण तो कंत्राटदाराच्या हाती पडे आणि कंत्राटदार आपल्या सोयीने माणसे आणी. पागे यांनी हा व्यवहार उलटा करून पाहिला. कोणते काम करायचे हे आधी ठरवून माणसे शोधण्याऐवजी, ज्यांना काम हवे आहे त्यांची नोंद आधी करावी आणि त्यांच्यासाठी काम काढावे, हा त्यांचा विचार होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे त्यांनी तो मांडला आणि १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्याचा पहिला प्रयोग झाला.

या प्रयोगात अर्थशास्त्रीय शहाणपण किती होते हे पुढे जगाने मान्य केले. गरीब कोण हे सरकारी यंत्रणेने ठरवायचे म्हटले की दाखले येतात, शिफारशी येतात आणि यादीत भलतीच नावे शिरतात. दिवसभर खडी फोडण्याचे किंवा माती उपसण्याचे काम माफक मजुरीवर कोणालाही खुले ठेवले, तर ज्याला खरोखर गरज आहे तोच येतो. बागाईतदाराचा मुलगा पाटी उचलायला येत नाही. लाभार्थीने स्वतःच स्वतःची निवड करावी, या तत्त्वावर नंतर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले. विसापुरात ते ग्रंथांच्या आधी अमलात आले होते.

दुष्काळी कामे आपल्याला नवी नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश सरकारने दुष्काळ संहिता तयार केल्या आणि संकटकाळी कामे काढून मजुरी देण्याची पद्धत घालून दिली. पण त्या पद्धतीत दुष्काळ आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार सरकारचा होता. कलेक्टरने टंचाई जाहीर केली तर कामे निघणार; नाही केली तर माणसे उपाशी असली तरी दुष्काळ नाही. अमेरिकेत रूझवेल्ट यांनी १९३५ साली सुरू केलेला कामांचा मोठा कार्यक्रमही सरकारच्या मर्जीने निघाला आणि १९४३ साली मर्जीनेच बंद झाला. पागे यांच्या कल्पनेत टंचाई जाहीर करण्याचा अधिकार मजुराकडे गेला. त्याने काम मागितले, हीच टंचाईची घोषणा.

विसापूरच्या प्रयोगानंतर ही कल्पना राज्याच्या पंधरा कलमी कार्यक्रमात आली, आणि १ मे १९७२ पासून रोजगार हमी योजना म्हणून ती राज्यभर लागू करण्यात आली. नियतीचा खेळ असा, की त्याच वर्षी पावसाने दगा दिला. ७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी घरातील वृद्धांना विचारावे. सुकडी, खडीचे ढीग, पाझर तलाव, रस्त्याच्या कडेला ओळीने बसलेल्या बायका आणि झोळीत निजलेली पोरे हे त्या काळाचे चित्र आहे. मे १९७३ मध्ये राज्यातील टंचाईच्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. नवी योजना बाजूला ठेवून जुन्या पद्धतीची टंचाई कामेच शासनाला चालवावी लागली, आणि १९७४ साली दुष्काळ ओसरल्यावर हमी योजना पुन्हा हाती घेण्यात आली. पण एक गोष्ट या दोन वर्षांत सिद्ध झाली होती. इतक्या माणसांना काम देणे हे प्रशासनाला अशक्य नाही, हे मंत्रालयाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. उरला होता तो पैशाचा प्रश्न.

माझ्या मते पागे यांच्या आयुष्याचा खरा धडा येथे आहे. आपल्या राज्यकर्त्यांची रीत अशी, की आश्वासन आधी द्यावे, टाळ्या घ्याव्या आणि पैसा कोठून आणायचा हे अर्थखात्यावर सोपवावे. रोजगार हमीच्या बाबतीत क्रम उलटा लागला. हक्काचा कायदा १९७७ चा; त्यासाठीचा कर मात्र १९७५ चा. विधिमंडळाने आधी लोकांच्या खिशात हात घातला आणि दोन वर्षांनी हमी दिली. नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसला. विक्रीकरावर आणि मोटार वाहनांवर जादा आकारणी झाली. शहरांतील निवासेतर इमारतींना आणि खेड्यांतील बागाईत जमिनींनाही वाटा उचलावा लागला. या करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, असेही ठरले. यात व्यवसाय कराचा मोठा भाग मुंबईतून येणार होता, हे उघड होते. मुंबईच्या कारकुनाने विदर्भ-मराठवाड्यातील मजुराच्या कामासाठी पैसे का द्यावेत, हा प्रश्न निघणे स्वाभाविक होते. त्याचे एक उत्तर सहानुभूतीचे होते आणि दुसरे व्यवहाराचे. खेड्यात काम मिळाले तर तो मजूर मुंबईच्या पदपथावर येणार नाही, हे ते व्यवहाराचे उत्तर. मला स्वतःला दुसरे उत्तर अधिक टिकाऊ वाटते, कारण सहानुभूतीला दरवर्षी मंजुरी घ्यावी लागते.

तेव्हाच्या पिंपरी-चिंचवडचाही यात वाटा होता. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पन्नाशीच्या दशकात उभी राहिली. साठीच्या दशकात टेल्को आणि आकुर्डीला बजाज यांचे कारखाने आले. १९७० साली येथे नगरपालिका झाली. दुष्काळाने गाव सोडायला लावलेली कितीतरी कुटुंबे याच पट्ट्यात आली. ज्यांना कारखान्यात कायमची नोकरी मिळाली त्यांच्या पगारातून १९७५ नंतर व्यवसाय कर कापला जाऊ लागला. म्हणजे जो काल खडी फोडत होता तोच आज, मागे गावात राहिलेल्या भावाला काम मिळावे म्हणून, कर भरू लागला. राज्याच्या करव्यवस्थेत इतका सरळ संबंध दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता त्या १९७७ च्या मतदानाकडे वळू. तोपर्यंत योजना शासन निर्णयाच्या आधारावर चालली होती. शासन निर्णय हा एका सचिवाच्या सहीने निघतो आणि दुसऱ्याच्या सहीने रद्द होतो. त्यावर मजुराला न्यायालयात उभे राहता येत नाही. कायदा रद्द करायचा तर सरकारला पुन्हा दोन्ही सभागृहांपुढे यावे लागते आणि प्रत्येक सदस्याला उघडपणे बाजू घ्यावी लागते. म्हणून योजनेचा कायदा होणे अगत्याचे होते. काळ मोठा चमत्कारिक होता. मार्चमध्ये केंद्रात काँग्रेसचा पराभव झालेला, मे महिन्यात शंकरराव चव्हाण जाऊन वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झालेले, आणि १९७२ साली निवडून आलेली २७० सदस्यांची विधानसभा आणीबाणीतील मुदतवाढीवर जगत असलेली. निवडणूक दाराशी होती. अशा वेळी एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेले पक्ष एका विधेयकावर एकत्र येतात, याचा अर्थ निंदक असा लावतील, की मतांवर डोळा ठेवून कोणालाच विरोध परवडणारा नव्हता. ते खरेही असेल. पण तसे असले तर भूमिहीन मजुराचे मत राज्यात इतके वजनदार झाले होते, ही काही वाईट गोष्ट नव्हे. शिवाय जमीनदार शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनाही यात लाभ दिसत होता. बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि रस्ते शेवटी त्यांच्याच जमिनीच्या उपयोगी पडणार होते. सर्वांना थोडे थोडे मिळेल अशी आखणी केल्याशिवाय एकमत होत नसते.

राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क हा मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे. म्हणजे न्यायालयात मागता न येणारा. महाराष्ट्राने तो ग्रामीण भागापुरता मागता येईल असा केला. काम मागणाऱ्याने नमुना ४ भरून द्यावा, पंधरा दिवसांच्या आत त्याला काम मिळावे, न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा; पुरुष व स्त्री यांना एकाच कामाचा एकच दर असावा; कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांची सोय असावी; खर्चाचा किमान ६० टक्के भाग मजुरीवर व्हावा. वर्षात किती दिवस काम द्यायचे याला मर्यादा नव्हती. बेकारभत्ता मात्र रोज किमान एक रुपया इतकाच ठेवला गेला आणि तोही क्वचितच कोणाच्या हाती पडला. कायद्यातील सर्वांत दुबळे कलम कोणते असे विचारले तर मी याकडे बोट दाखवीन : हमी मोडली तर शासनाला जे मोल द्यावे लागते ते इतके क्षुल्लक होते, की मोडणे स्वस्त पडावे.

विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळण्यास १९७८ चा ऑक्टोबर उजाडला आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला. मधल्या काळात निवडणूक झाली, एक आघाडी सरकार आले, ते पडून शरद पवार यांचे पुलोद सरकार आले. पागे यांचे सभापतिपद संपले आणि त्यांच्या जागी रा. सु. गवई आले. ज्यांनी कायदा केला ते एक, ज्यांनी अमलात आणला ते दुसरे; तरीही तो कोणी अडविला नाही. त्यानंतर योजनेच्या राज्य पातळीवरील परिषदेचे अध्यक्ष म्हणून पागे तिच्या व्यवहारात लक्ष घालीत राहिले.

तो व्यवहार नेहमीच स्वच्छ होता असे कोणी म्हणणार नाही. खोटे हजेरीपट, मृतांच्या नावावरील मजुरी, दोन पावसांत वाहून जाणारे रस्ते यांच्या कथा सर्वांनी वाचल्या आहेत. तरी योजनेवर येणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती, आणि मालकाच्या शेताखेरीज रोजगाराचा दुसरा दरवाजा त्यांना प्रथमच दिसला, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. १९८८ साली किमान मजुरीचे दर दुप्पट झाले. मजुराच्या दृष्टीने ही न्याय्य गोष्ट होती. पण त्यानंतर योजनेवरील उपस्थिती घसरली. मजुरी वाढली की मागणी वाढायला हवी. येथे काम मिळणारे कमी झाले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले, की शासनाने नवी कामे काढण्यात हात आखडता घेतला आणि हमी प्रत्यक्षात शिधावाटपासारखी झाली. कायद्याचे एक अक्षरही न बदलता कायदा पातळ करता येतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. त्याला ना विधेयक लागले, ना मतदान.

कर मात्र पातळ झाला नाही. घटनेने व्यवसाय करावर वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २५०० झाली. योजनेवरील मजूर घटू लागले आणि कराची मर्यादा दसपट झाली, ही दोन्ही १९८८ चीच गोष्ट. नव्वदीच्या दशकात रोजगार हमीच्या नावाने गोळा होणारा पैसा आणि हमीवर खर्च होणारा पैसा यांतील अंतर वाढत गेले. फळबाग लागवडीसारखे उपक्रम योजनेला जोडले गेले, त्यांतून डाळिंबाच्या व आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या, हे मान्य केले पाहिजे. पण बाग त्याची ज्याची जमीन. २००५ साली संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. त्या कायद्याने कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची मर्यादा घातली, आणि महाराष्ट्राने २००६ साली आपल्या कायद्यात त्याला अनुसरून बदल केले.

ताथवड्याचे उदाहरण येथे बोलके आहे. १९७७ च्या कायद्याने हमी दिली ती ग्रामीण भागाला आणि क वर्ग नगरपालिकांच्या हद्दीला. ताथवडे तेव्हा गाव होते, सरकारी पशुपैदास केंद्राची गायराने होती, आणि कायद्यानुसार येथील मजूर नमुना ४ भरून काम मागू शकत होता. २००९ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले आणि हा हक्क एका अधिसूचनेने संपला. आज येथे महाविद्यालये आणि उंच इमारती आहेत. या पट्ट्यातील चौकाचौकांत सकाळी सातपासून मजूर उभे असतात. बीड, लातूर, धाराशिव, नांदेड असे त्यांचे जिल्हे. दहापर्यंत मुकादम आला नाही तर ते परत जातात. गावी असताना त्यांच्याजवळ कायद्याचा हक्क होता आणि काम नव्हते, म्हणून ते येथे आले. येथे काम कधी मिळते, कधी नाही, पण मागण्याचा हक्क मुळीच नाही. शहरी मजुराला हमीत घ्यावे की नाही यावर मतभेद होऊ शकतात. शहरात अंगमेहनतीची कामे कोणती काढायची, परप्रांतीयांचे काय, असे अवघड प्रश्न आहेत. पण हे प्रश्न विधिमंडळात विचारले तरी जावेत.

पागे १६ मार्च १९९० रोजी निवर्तले. ज्या परिषदेचे ते अठरा वर्षे सभापती होते तिच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या मतदारसंघांतून भरल्या जातात. पुणे विभागाचा त्यांत प्रत्येकी एक सदस्य असतो. म्हणजे व्यवसाय कर भरणाऱ्या वर्गाला राज्यात स्वतःचे असे प्रतिनिधी आहेत, आणि मत मागायला ते आपल्याच शाळा-महाविद्यालयांत येतात. वेतनश्रेणी, अनुदान, जुनी निवृत्तिवेतन योजना यांविषयी आपण त्यांना दरवेळी विचारतो, ते योग्यच आहे. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारावा : अर्थसंकल्पाच्या दिवशी व्यवसाय कराची एकूण जमा आणि राज्याने त्या वर्षी रोजगार हमीवर केलेला खर्च हे दोन आकडे एका पानावर, शेजारी शेजारी छापले जावेत, अशी मागणी ते सभागृहात करतील काय?